साइड दिली की सगळेच दिवे मिचकावतात: जुन्या बीटलचे पुढचे सिग्नल युरोपियन करताना परत परत येणारा घोळ

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्याच्या गाडीत हे चालू आहे त्याला लगेच ओळख पटेल. संध्याकाळी पार्किंग लावून निघालात, कोल्हापूरच्या कावळा नाक्याला वळायला साइडची दांडी ओढली, आणि पुढचा सिग्नल मिचकावायचं सोडून नुसता पेटून राहिला. पार्किंग बंद करून तीच साइड दिली तर सिग्नल मिचकावतो, पण त्याच्याबरोबर मागचे लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरमधली लाइटही उघडझाप करतात. भर उन्हात यातलं काही कळत नाही. गॅरेजवाला बल्ब बदलून देतो, दोन महिने बरं चालतं, आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा तेच.

माझी फोक्सवॅगन बीटल १९६९ची आहे. अमेरिकेसाठी बनलेली, डाव्या बाजूला स्टेअरिंग, बारा व्होल्ट, पंधराशे सीसी. तिचे पुढचे सिग्नल युरोपियन पद्धतीचे करायला घेतले तेव्हापासून हा घोळ माझ्याकडे तीन वेळा आला, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं दिसलं. तिसऱ्या वेळी सगळी वायरिंग उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं की मूळ एकच होतं: पार्किंगची राखाडी वायर. तिचं काय करायचं हे न ठरवता काच आणि बल्ब बदलला, की हा त्रास ठरलेला.

दोन पद्धतींत फरक काय

अमेरिकेच्या गाडीत पुढच्या सिग्नलच्या काचेआड एकच बल्ब असतो, पण त्यात दोन फिलामेंट. २१ वॉटचं साइडसाठी, ५ वॉटचं पार्किंगसाठी. गॅरेजमध्ये याला डबल कॉन्टॅक्ट बल्ब म्हणतात. तिकडच्या सीलबीम (काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकत्र बंद असलेल्या) हेडलाइटमध्ये पार्किंगचा बल्ब घालायला जागा नसते, म्हणून पार्किंग सिग्नलच्या डब्यात आली. दोन्ही उजेड एकाच अंबर काचेतून बाहेर पडतात.

युरोपच्या बीटलमध्ये ही दोन कामं वेगळी आहेत. पार्किंगचा छोटा ४ वॉटचा बल्ब हेडलाइटच्या रिफ्लेक्टरमध्ये बसतो आणि पांढरा दिसतो. मडगार्डवरच्या सिग्नलमध्ये फक्त २१ वॉटचा सिंगल कॉन्टॅक्ट बल्ब. साइड दिली तरच तो पेटतो, एरवी काळोख.

बाहेरून १९६९च्या गाडीत दोन्ही डबे जवळजवळ सारखेच दिसतात, आणि फसगत तिथेच होते. काच बदलली म्हणजे काम झालं असं वाटतं. (१९७० पासून अमेरिकेच्या बीटलला मोठे सिग्नल आले. तुमची गाडी तेव्हाची किंवा नंतरची असेल तर बेससकट सगळा डबा बदलावा लागेल, आणि मडगार्डची भोकं जुळतात का ते सामान मागवायच्या आधी मोजून घ्या.) अजून एक: 'युरोपियन' म्हणून पांढरी काच कुणी दिली तर घेऊ नका. इटलीत सत्तरच्या दशकापर्यंत पुढचे सिग्नल पांढऱ्या काचेचे असत, त्यामुळे जुन्या सामानात त्या काचा येतात. आपल्याकडे सिग्नल अंबरच हवा.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या पद्धतीत अंधार पडल्यावर सिग्नलची काच आधीपासूनच अंबर पेटलेली असते, आणि त्यातच मिचकावणं चालतं. मंद अंबर, जोराचा अंबर, पुन्हा मंद. काच जुनी होऊन पिवळट पडली असेल, आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर समोरच्याला तो फरक दिसतच नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला असतो, आणि डाव्या स्टेअरिंगच्या गाडीतून ट्रॉलीच्या पुढचं काही दिसत नाही. ओव्हरटेक करायला मी बाहेर येतोय हे समोरच्याला वेळेत कळणं हाच माझा आधार. काळोखातून एकदम अंबर पेटलं तर ते डोळ्याला लगेच जाणवतं. आंबोलीच्या धुक्यात हा फरक मी स्वतः समोर उभा राहून पाहिला आहे.

कायद्यालाही याची जाणीव आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२० डाव्या स्टेअरिंगच्या गाड्यांसाठीच आहे. चालू स्थितीतली, ठरवून दिलेल्या प्रकारची यांत्रिक किंवा विजेवरची सिग्नल यंत्रणा असल्याशिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, असं ते सांगतं. उजव्या स्टेअरिंगच्या गाडीचा सिग्नल बिघडला तर तो बिघाड असतो. माझ्या गाडीचा बिघडला तर ती रस्त्यावर आणायचा हक्कच जातो.

पहिली खेप: घासलेला बल्ब

पहिल्यांदा मी गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी जर्मन काच बसवली, पण आतला होल्डर जुनाच, दोन पॉइंटचा ठेवला. 'युरोपियन म्हणजे सिंगल बल्ब' एवढं त्यांना माहीत होतं, म्हणून त्यात २१ वॉटचा सिंगल कॉन्टॅक्ट बल्ब घातला. तो सरळ बसत नाही. डबल बल्बच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे उलटा बसू नये म्हणून केलेली सोय आहे ती. सिंगल बल्बच्या दोन्ही पिना एकाच उंचीवर. त्यांनी कानस घेऊन एक पिन घासून काढली आणि बल्ब दाबून बसवला.

आता त्या बल्बच्या बुडाला मधोमध एकच मोठा पॉइंट. होल्डरमध्ये शेजारी शेजारी दोन पॉइंट, एक साइडचा, एक पार्किंगचा. बल्बचा तो एक पॉइंट दोन्हींवर टेकला आणि साइडची वायर व पार्किंगची वायर बल्बच्या बुडाशीच जोडली गेली. पार्किंग लावली की करंट तिथून साइडच्या वायरीत जातो आणि सिग्नल पेटून राहतो. फ्लॅशरच्या, म्हणजे सिग्नल मिचकावणाऱ्या डबीच्या, दोन्ही टोकांना बारा व्होल्ट, मग तो मिचकावणार कसा? पार्किंग बंद ठेवून साइड दिली की उलटं होतं. फ्लॅशरचा करंट राखाडी वायरीतून मागे जातो आणि मागचे लाल, नंबरप्लेट, मीटर सगळे त्याच्या तालावर. माझ्या गाडीत तर दोन्ही बाजूंना हेच केलं होतं, त्यामुळे डावी साइड दिली तरी उजवीकडचे सिग्नलही मिचकावत. मागून येणाऱ्याला वाटायचं हॅझर्ड लावलाय.

हे ओळखायला मिनिट लागत नाही. काच काढा, बल्ब काढा आणि मग साइड द्या. मागचे लाल दिवे मिचकावायचे थांबले तर दोष बल्बच्या बुडाशी. बल्ब काढूनही मिचकावत असतील तर वायरी आधीच कुठेतरी जोडल्या गेल्यात.

याच्या जोडीला एक तिसरा बल्ब बाजारात असतो, अंबर रंगाचा सिंगल. त्याच्या पिना एका उंचीवर असतात, पण समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या, १५० अंशांवर. पांढऱ्या काचेत साधा बल्ब जाऊ नये म्हणून ही रचना. तोही लोक घासून बसवतात, आणि मग खड्ड्यात तो फिरतो, साइड मधूनच जाते. अंबर काच असेल तर साधा पांढराच बल्ब हवा. अंबरमागे अंबर घातला तर उजेड नुसता कमी होतो. पिन घासायची वेळ आली म्हणजे बल्ब चुकीचा आहे, एवढं धरून चाला.

दुसरी खेप: अर्थ

गॅरेजचं काम उलटवायचं म्हणून मी घाईत पुन्हा डबल बल्ब घातले. सिग्नल, पार्किंग दोन्ही नीट. पुढच्या जुलैत गगनबावड्याहून येताना धो धो पाऊस, आणि बालिंग्याच्या अलीकडे आरशात दिसलं की उजवी साइड दिल्यावर मागे रस्त्यावर लाल उजेड हलतोय. घरी आल्यावर पाहिलं तर मागचे दिवे मिचकावत होते, पण अगदी मंद, निखाऱ्यासारखे. आणि पुढच्या उजव्या सिग्नलमध्ये २१ वॉटचं फिलामेंट काळं, ५ वॉटचंच लुकलुकत होतं.

हा फरक फार कामाचा आहे, म्हणून नीट सांगतो. मागचे दिवे जोरात मिचकावत असतील तर दोन वायरी थेट एकमेकींना लागल्यात. मंद मिचकावत असतील तर वायरी ठीक आहेत, त्या सिग्नलची अर्थ, म्हणजे करंटची बॉडीतून परत जायची वाट, गेली आहे.

उद्यमनगरातले आमचे वायरमन मामा हे दोन वाक्यांत सांगतात. "लेका, करंटला घरला जायाचं असतंय. त्येची वाट बंद केलीस तर त्यो शेजाऱ्याच्या परड्यातनं जातोय." तसंच होतं. बल्बची पितळी टोपी होल्डरला, होल्डर बेसला, बेस मडगार्डला, मडगार्ड बॉडीला, अशी अर्थची वाट असते. ती तुटली की साइडचा करंट २१ वॉटच्या फिलामेंटमधून टोपीत येतो, तिथून बाहेर जायला जागा नसते, मग त्याच बल्बच्या ५ वॉटच्या फिलामेंटमधून राखाडी वायरीत शिरतो आणि मागच्या दिव्यांतून अर्थ शोधतो. दोन फिलामेंट एकामागे एक आली की ज्याचा रोध जास्त तेच पेटतं. तापलेल्या २१ वॉटचा रोध साधारण ७ ओहम, ५ वॉटचा २९च्या आसपास. म्हणून मोठं काळं आणि लहान लुकलुकणारं.

बीटलमध्ये अर्थ जायला कारणंही भरपूर. मडगार्ड बोल्टांवर बसतं आणि त्याच्या व बॉडीच्या मध्ये बीडिंग असतं, म्हणजे पत्र्याला पत्रा लागतच नाही, सगळी अर्थ त्या बोल्टांतून. सिग्नलच्या बेसखाली रबराची सीट. मडगार्ड नव्याने रंगवलं असेल तर बोल्टांच्या भोकांतही रंग. आणि कोल्हापूरचा पावसाळा चार महिने चाकाखालून चिखलपाणी थेट त्या नटांवर मारत असतो. जूनमध्ये चांगली असलेली अर्थ ऑगस्टात गेली तर त्यात नवल नाही. दरवर्षी पावसाळ्यात 'फ्लॅशर खराब झाला' म्हणून फ्लॅशर बदलणारे जे आहेत, त्यांनी आधी इथे बघावं.

तपासायची रीत सोपी आहे, फक्त वायर लांब लागते. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते. तिच्या निगेटिव्हला लांब वायर लावून ती पुढे आणा, मल्टिमीटरचं एक टोक तिला, दुसरं बल्बच्या पितळी टोपीला, आणि साइड चालू करा. बल्ब पेटलेला असताना ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ चांगली. माझ्या उजव्या बाजूला नऊ व्होल्ट दाखवत होता. नुसतं ओहमवर मोजू नका. एक तंतू लागलेला असला तरी ओहम मीटर ठीक म्हणतो, पण त्या तंतूतून पावणेदोन अँपिअर जायची वेळ आली की तो हात वर करतो.

इलाजही कायमचा आहे. मडगार्डवर भरवसा ठेवायचाच नाही. प्रत्येक सिग्नलच्या होल्डरला तपकिरी रंगाची १.५ चौरस मिलिमीटरची वायर सोल्डर करून किंवा नीट दाबलेल्या थिंबलने लावायची, ती हेडलाइटच्या डब्यातून, ग्रोमेट घालून, पुढच्या बोनेटखाली आत आणायची आणि बॉडीच्या एका जागी बोल्टने बांधायची. ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घाला. बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळलं तरी चालतं, पण आधी रंग लावून मग आवळू नका. मी हे करून तीन पावसाळे झाले, दोन्ही बाजूंना आकडा शून्याच्या जवळच आहे.

तिसरी खेप: सोडून दिलेली वायर

अर्थ झाल्यावर मी ठरवलं की आता अर्धवट ठेवायचं नाही. सिंगल पॉइंटचे खरे युरोपियन बेस बसवले. राखाडी वायर दोन्ही बाजूंना कापली, टोकाला टेप गुंडाळला आणि हेडलाइटच्या डब्यात आत ढकलून दिली. पार्किंगला पुढे दिवा नाही हे मला माहीत होतं. हेडलाइट आल्यावर जोडू असं म्हटलं. हीच माझी चूक.

कापडी टेपचा गोंद उन्हाने वितळतो आणि पावसाने सुटतो. काही महिन्यांनी पहिली खेप जशीच्या तशी परत आली, पण कधी येई, कधी नाही. रंकाळ्यावरून घरी येईपर्यंत नीट, गाडी लावताना गतिरोधकावर आपटली की उजवा सिग्नल पेटून राहायचा. बल्ब काढून पाहिलं, मागचे लाल तरीही मिचकावत होते, तेही जोरात. म्हणजे वायरी लागल्यात हे कळलं, पण कुठे?

दोन संध्याकाळी मी डॅशखाली घालवल्या, दांडीचा स्विच उघडला, फ्यूजबॉक्स साफ केला. मामा आले आणि त्यांनी विचारलं, "राखाडी कुठं सोडलीस?" हेडलाइटची रिंग काढली तर टेप खाली गळून पडलेला, आणि राखाडीचं उघडं टोक काळ्या-हिरव्या वायरीच्या कनेक्टरला टेकून बसलेलं.

रंग इथे उपयोगी पडतात, म्हणून पाठ करून ठेवा. जर्मन वायरिंगमध्ये राखाडी म्हणजे पार्किंग, तपकिरी म्हणजे अर्थ. काळी-पांढरी डावी साइड, काळी-हिरवी उजवी साइड, आणि काळी-पांढरी-हिरवी म्हणजे फ्लॅशरमधून दांडीकडे जाणारी. पिवळी डिपर, पांढरी अप्पर. स्विचवर आणि फ्लॅशरवर आकडे कोरलेले असतात तेही ठरलेले आहेत: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतरचा करंट, ३१ अर्थ, ५८ पार्किंग, ४९ फ्लॅशरला येणारा आणि ४९ए फ्लॅशरमधून बाहेर पडणारा. पन्नास वर्षांच्या गाडीत मधल्या लोकांनी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असते, म्हणून रंग पाहून थांबू नका, टेस्ट लॅम्पने खात्री करा.

राखाडी वायर कापून सोडायची नाही. तिला काम द्यायचं. पार्किंगचं काम होतं, पार्किंगच द्यायचं, फक्त जागा बदलायची: हेडलाइटमध्ये.

हेडलाइट कुठला

इथे एक धोका आहे. युरोपियन म्हणून जर्मनीचा हेडलाइट मागवाल तर त्याचा डिपरचा उजेड उजवीकडे वर चढतो, कारण तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे तो उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. डाव्या बाजूच्या रहदारीचा, पायलट बल्बचं (म्हणजे पार्किंगच्या छोट्या बल्बचं) भोक असलेला सात इंची गोल हेडलाइट आपल्याच बाजारात सहज मिळतो. जुन्या जीप, अँबॅसिडरला तोच साइज लागायचा. सीलबीम काढून माझ्या रिंगमध्ये तो बसला. मागे पायलट बल्बचा होल्डर डब्याच्या पत्र्याला टेकत नाही ना, एवढं रिंग आवळायच्या आधी हाताने चाचपून बघा. बल्ब ६०/५५ वॉटचा असेल तर जुन्या स्विचवर तो भार टाकू नका, रिले घाला. तो वेगळा विषय आहे, इथे थांबतो.

राखाडी वायर पायलट बल्बला, त्याची स्वतःची तपकिरी अर्थ त्याच बोनेटखालच्या बोल्टला. झालं. आता राखाडी आणि साइडची वायर एका डब्यात असतात, पण प्रत्येकीचं टोक आपापल्या जागी बंद. मी दोघींवर वेगळ्या स्लीव्ह चढवल्या आणि कनेक्टर एकीचा नर, दुसरीचा मादी असा ठेवला, म्हणजे पुढे कुणी उघडलं तरी चुकून अदलाबदल होणार नाही.

फ्लॅशर

एवढं सगळं करूनही मिचकावणं फार भरभर किंवा फार सावकाश असेल, तर आता फ्लॅशरकडे वळा, त्याआधी नको. मिनिटाला ६० ते १२० हा वेग नियमातला. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा, १५ ते ३० मध्ये यायला हवं.

जुना तापणारा फ्लॅशर भारावर चालतो. आत द्विधातूची पट्टी असते, करंटने ती तापते, वाकते, संपर्क तुटतो, मग ती गार होते, पुन्हा लागते. पुढे २१, मागे २१, असे ४२ वॉट मिळाले की तो नीट चालतो. एखादा बल्ब गेला किंवा अर्थ कच्ची असली की करंट कमी, पट्टी तापायला वेळ, म्हणून सावकाश किंवा नुसता पेटून. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटा वागतो, बल्ब गेला की दुप्पट वेगाने मिचकावतो. म्हणजे वेग बदलला की आधी चारही बल्ब बघायचे.

लोकल फ्लॅशर घेताना पिनांकडे लक्ष द्या. त्यावर बी, एल, ई लिहिलेलं असतं: बॅटरी, लोड, अर्थ. बी म्हणजे आपला ४९, एल म्हणजे ४९ए, ई म्हणजे ३१. पण पिनांची जागा जर्मन फ्लॅशरसारखी असेलच असं नाही, त्यामुळे जुन्या सॉकेटमध्ये तसाच खुपसला तर अर्थच्या पिनेत लोड जाऊ शकतो आणि फ्लॅशर धूर सोडतो. सॉकेट सोडून एकेक वायर नाव वाचून लावा. बाजूला छोटे रिपीटर लावायचे असतील तर प्रत्येकी ५ वॉट वाढतात, म्हणून २१ अधिक २१ अधिक ५ असं लिहिलेला फ्लॅशर घ्या.

एलईडी बल्बबद्दल विचारणा होते. जुन्या फ्लॅशरला एलईडीचा करंट पुरत नाही, तो मिचकावतच नाही. शिवाय ज्या गाड्यांत डॅशवर दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा आहे, तिथे तो दिवा बऱ्याचदा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून अर्थ घेतो. साध्या बल्बला तेवढा करंट जाणवत नाही, एलईडी तेवढ्यात पेटतो, आणि दोन्ही बाजू एकदम मिचकावतात. पुन्हा तेच लक्षण, पण कारण पूर्ण वेगळं. जुन्या काचेमागचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो, एलईडीचा उजेड त्याच्या मध्यात पडतच नाही. माझ्या गाडीत मी साधेच बल्ब ठेवलेत.

काच खरी की नुसती दिसायला

युरोपच्या काचेवर वर्तुळात इंग्रजी ई आणि आकडा कोरलेला असतो. १ म्हणजे जर्मनीची मान्यता, २ फ्रान्सची, ३ इटलीची, ११ ब्रिटनची. पुढच्या सिग्नलला जवळच वर्ग १ असंही लिहिलेलं सापडतं. त्याहून जुन्या जर्मन काचेवर नागमोडी रेघ आणि इंग्रजी के अक्षर असतं. खूण नसलेल्या स्वस्त काचेचा रंग दोन उन्हाळ्यांत उतरतो, हे मी विकत घेऊन शिकलो. काचेचे स्क्रू फार आवळू नका, कडेला चीर जाते, तिथून पाणी शिरतं आणि होल्डर हिरवा पडतो. रबरी सीट मात्र दर वेळी नवी.

शेवटची तपासणी

अंधार पडल्यावर गाडी पांढऱ्या भिंतीसमोर लावा आणि मागे कुणाला तरी उभं करा. माझ्याकडे हे काम धाकटी बहीण करते. सगळं बंद ठेवून डावी साइड, मग उजवी. पार्किंग लावून पुन्हा डावी, उजवी. हेडलाइट लावून तेच. त्यावर ब्रेक दाबून तेच. मागच्या माणसाने फक्त एवढंच सांगायचं की जो दिवा हलायला नको तो हलतोय का. भिंतीवर पुढचा पांढरा उजेड स्थिर राहिला पाहिजे आणि अंबर पूर्ण विझला पाहिजे, अर्धा नाही. हेडलाइट लावल्यावर साइड मंदावली तर दोघांची अर्थ कुठेतरी एकच आहे आणि ती कच्ची आहे. परत बोनेटखालच्या बोल्टकडे.

हे सगळे प्रकार नीट निघाले की गाडी खराब रस्त्यावरून एक फेरी मारून आणा आणि तीच तपासणी पुन्हा करा, कारण माझा तिसऱ्या खेपेचा दोष आपटल्याशिवाय दिसत नव्हता. मग नव्या वायरिंगचं चित्र कागदावर काढून, रंग लिहून, डॅशच्या कप्प्यात ठेवा. मी त्यावर राखाडी वायर कुठून कुठे गेली ते लाल शाईने लिहिलं आहे.